खालचा आवाज

खरं सांगायचं तर हे लिहून काढायचं नाही, असं जवळजवळ ठरलंच होतं. एक गाणं आलं, गाजलं, आणि गावातल्या पाच-पंचवीस माणसांची तोंडं कडू झाली. यात लिहिण्यासारखं काय? पण परवा शेजारच्या शहरात, ओझुर्गेतीच्या बाजारात चीज विकणारी एक बाई दुसरीला सांगत होती, ताराशचं गाणं ऐकून त्याचं अख्खं गाव म्हणे मंत्रमुग्ध झालं. कुणाच्या तोंडून आवाज फुटेना. मंत्रमुग्ध! मग म्हटलं, नाही. आता लिहायलाच पाहिजे.

गाव गप्प बसलं, हे खरं. का बसलं, ते गोचाला विचारा.

गोचा म्हणजे बसथांब्यासमोर मोबाईल दुरुस्त करतो, तो. ठेंगणा, तिशीतच डोक्यावर चंद्र उगवलेला, बोलायला लागला की समोरच्याने हिशोबात राहावं असा. पण गळा! गुरियात, म्हणजे आमच्या या डोंगराळ मुलखात, तीन आवाजांशिवाय गाणं होत नाही. मधला आवाज शब्द सांगतो, खालचा जमीन धरून ठेवतो, आणि वरचा कोंबड्यासारखा कौलावर चढून आरवतो. गोचा आरवणारा. मधला अनझोर, टायर पंक्चरवाला. आणि खालचा ताराश, इरोदीकाकांचा मुलगा. तिघांच्या कंपूचं नाव 'आदेसा', गावातल्या काळ्या द्राक्षावरून ठेवलेलं. लग्न असो, बारसं असो, द्राक्षतोडणी असो, हे तिघं हजर.

आता खालचा आवाज म्हणजे काय काम असतं? 'ऊऽऽ' आणि 'ओऽऽ'. फार झालं तर 'आऽऽ'. इतक्या वर्षांत ताराशने गाण्यातला एक सबंध शब्द कधी उच्चारला नव्हता. पण तो दिसायला राजबिंडा. दारातून आत आला की दार लहान वाटावं. त्यामुळे फोटोत, व्हिडिओत त्याला मधे उभं करायचे. आरवतोय गोचा, शब्द म्हणतोय अनझोर, आणि कॅमेरा कुणावर? तर ऊऊ करणाऱ्यावर.

असाच लग्नातला एक व्हिडिओ राजधानीतल्या, म्हणजे तिबिलिसीच्या, एका गाण्यांच्या कंपनीतल्या तेओना नावाच्या बाईंनी पाहिला. आवाज बंद करून पाहिला असणार, हे गोचाचं ठाम मत.

त्यापुढचं गोचाला कळलं ते असं. एका म्हातारीचा फोन दुरुस्तीला आला होता. काच फुटलेली. त्याने काच बदलली, फोन चालू केला, तर आत एक पोस्टर, आणि पोस्टरवर ताराश. केस मागे चापून बसवलेले, उघड्या छातीवर काळा कोट, डोळ्यांत जगाचं दुःख. खाली लिहिलेलं, 'ताराश. पहिल्यांदाच एकटा.' आणि येऊ घातलेल्या गाण्याचं नाव: 'माझं मलाच पुरे'.

गोचा त्या म्हातारीसमोरच हसला. ज्या माणसाला स्वतःचे मोजे सापडत नाहीत, जो एकटा जेवायला बसला तर घास घशाखाली उतरत नाही म्हणून शेजारच्याला हाक मारतो, त्याला स्वतःचं स्वतःला पुरे! बरं, गावात एकटं राहायची सोय तरी कुठे आहे? परसाकडे निघालात तरी दोघं विचारतात, कुठे निघालास, येऊ का?

हसून झाल्यावर त्याने फोन लावला. ताराश म्हणाला, सांगणारच होतो. गोचा म्हणाला, कधी, नातवंडं झाल्यावर?

मग बरेच दिवस दोघं बोलले नाहीत. शरदातली लग्नं एकेक करून हातची गेली. खालच्या आवाजाविना 'आदेसा' म्हणजे बूड फुटलेली घागर. अनझोरने आपल्या मेहुण्याला आणून उभं करून पाहिलं. मेहुण्याचा आवाज खाली जायचा, पण जाताना सूर वरच विसरून जायचा. गोचा दुकानात बसून फुटक्या काचा बदलत राहिला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या पोस्टरवरच्या कोटाबद्दल काहीबाही ऐकवत राहिला. आतून शर्ट चोरीला गेलाय वाटतं. कंपनीला परवडला नसेल. असं.

द्राक्षतोडणीच्या आधी मात्र ताराशचाच फोन आला. गाणं कंपनीला राजधानीतल्या एका मोठ्या हॉटेलात लोकांपुढे आणायचं होतं. ताराश अडून बसला होता, की पहिल्यांदा वाजेल तर माझ्या बापाच्या टेबलावर. तेओनाबाईंना कल्पना आवडली होती. खेडं, द्राक्षं, म्हातारी माणसं, सगळं चित्रीकरणाला छान.

"त्यांना काय वाटायचं ते वाटू दे," ताराश म्हणाला. "मला एवढंच बघायचंय, की तुम्ही ते उचलता की नाही."

हा 'उचलणं' शब्द गावाबाहेरच्याला समजावून सांगावा लागतो. गुरियात कुणी नवं गाणं टेबलावर टाकलं, की टाळ्या पडत नाहीत, वाहवा होत नाही. पलीकडून कुणीतरी न सांगता दुसरा आवाज लावतो, मग तिसरा लागतो. म्हणजे गाणं उचललं. मग ते गावाचं झालं. आणि नाही उचललं, तर ते कोंबडीच्या हाडासारखं ताटाच्या कडेला पडून राहतं. कुणी वाईट बोलत नाही. बोलायची गरजच नसते.

गोचाने फोनवर फक्त 'बघू' म्हटलं. पण त्याला नीट कळलं होतं. ताराशला पोस्टर मिळालं, कोट मिळाला, राजधानी मिळाली. एक गोष्ट मिळायची राहिली होती, आणि ती गोचाच्या गळ्यात होती. कारण या गावात वरचा आवाज लागल्याशिवाय बाकीचे तोंड उघडत नाहीत.

रविवारी दुपारी इरोदीकाकांच्या अंगणात टेबलं जोडली. द्राक्षं तुडवून झालेली, सगळ्यांचे हात जांभळे. अक्रोडाच्या वाटणातली कोंबडी, राजमा, चीज, मक्याच्या भाकरीचे ढीग. तमादा, म्हणजे कुणाच्या नावाने पेला उचलायचा हे ठरवणारा टेबलाचा धनी, स्वतः इरोदीकाका. ते सकाळपासून खुशीत होते. ट्रॅक्टर चालू झाला तरी त्याच्या आवाजाला दुसरा आवाज लावणारा हा माणूस. पोराच्या गाण्याला आपण कुठे शिरायचं, याची मनातल्या मनात जागा शोधत बसले होते.

तेओनाबाई नखशिखांत काळ्या कपड्यांत. अंगणातल्या कोंबड्या त्यांना बिचकत होत्या. बरोबर दोन कॅमेरेवाले, आणि गावातल्या सगळ्या टेबलखुर्च्यांपेक्षा महागडे दिसणारे दोन स्पीकर. त्यांनी इरोदीकाकांची गोधडी उचलून खिडकीत लटकवली, चित्रात रंग हवा म्हणून. मग अनझोरला सांगितलं, जरा थकलेले दिसा. अनझोर पहाटेपासून टोपल्या वाहत होता. तो म्हणाला, बाई, याहून जास्त थकायचं तर आडवं व्हावं लागेल.

ताराश आला तेव्हा थोडी पंचाईत झाली. कोट तोच, आत शर्ट नाही. बापाने त्याला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला, आणि हळूच विचारलं, "बाबा, सर्दी होईल ना रे?" आमच्याकडे बाप मुलालाच बाबा म्हणतो. कॅमेरेवाल्याला ते नको होतं. त्याने दोघांना पुन्हा भेटायला लावलं, यावेळी न बोलता.

गोचाकडे ताराशने एकदा पाहिलं. गोचाने पेला वर केला. दोघांत एवढंच.

मग तेओनाबाई उभ्या राहिल्या. अगदी गोड आवाजात, प्रत्येकाला तुम्ही-तुम्ही करत त्यांनी समजावलं, की आता गाणं वाजेल आणि त्याच क्षणी ते सगळ्या जगालाही ऐकू जाईल. इथलं चित्रीकरण थेट दिसणार आहे. तेव्हा कृपा करून गाणं संपेपर्यंत कुणी बोलू नये, टाळी वाजवू नये, पेला आपटू नये. आणि मुख्य म्हणजे गाऊ नये. "हे एकट्याचं गाणं आहे," त्या म्हणाल्या. "त्यातला एकटेपणा आपल्याला जपायचाय."

टेबल हसलं. त्यांना तो विनोदच वाटला. गुरियाच्या माणसाला टेबलावर गाऊ नको सांगणं म्हणजे माशाला अंग भिजवू नको म्हणण्यासारखं. इरोदीकाकांनीही हसून हात झटकला. बाईंचं बोलणं त्यांनी एका कानाने ऐकलं होतं, आणि ते दुसऱ्या कानाने बाहेर पडायच्या बेतात होतं. आणखी थोडा वेळ गेला असता तर सगळे ते विसरून गेले असते. ताराशही हसत होता. त्याला माहीत होतं, हे लोक काही ऐकत नाहीत.

तेव्हा गोचा उठला.

पेला हातात, चेहरा असा सरळ की त्यावर पाणी ठेवलं तर सांडू नये. म्हणाला, "पाहुणा देवाने धाडलेला असतो, असं आपण म्हणतो. मग पाहुण्याचा शब्द कुणी धाडलेला असतो? बाईंनी मागून मागितलं काय, तर शांतता. एकाचं गाणं आहे. एकालाच गाऊ द्या." आणि खाली बसून पेला ओठांना लावला.

यात एक शब्द वाकडा नव्हता. हीच तर त्यातली खुबी. टेबलाचं हसू ओसरलं. पाहुण्याचा मान म्हटल्यावर बोलायला जागा उरली नाही, आणि वरचा आवाजच गप्प बसणार म्हटल्यावर बाकीच्यांनी गायचं कशावर? इरोदीकाकांनी गोचाकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग मान खाली घातली. ताराशचं हसू मात्र चेहऱ्यावर तसंच राहिलं. काढून घ्यायचं त्याला सुचलं नाही.

बाईंनी गोचाला छातीवर हात ठेवून धन्यवाद दिले.

गाणं सुरू झालं. आधी बराच वेळ पत्र्यावर कुणी वाटाणे टाकावेत तसा ठेका. मग वारा. खरा वारा अंगणात सुटलेला होता, पण हा कंपनीचा. आणि मग ताराशचा आवाज, मोठा, मऊ, खर्जातला. 'माझं मलाच पुरे, माझी वाट मलाच ठाऊक.' ज्याने कुणी चाल बांधली होती त्याने ताराशचा गळा तपासून त्यात सापडले तेवढेच पाच सूर वापरले होते. म्हणजे झालं काय? ताराशला एकट्याचं गाणं म्हणून जे दिलं होतं, तो खालचाच आवाज होता. आयुष्यभर लावला तोच. फक्त वरचे दोन आवाज काढून घेतलेले, आणि 'ऊऽऽ'च्या जागी शब्द कोंबलेले. राजधानीत एवढी माणसं पगार घेतात, कुणाच्या लक्षात आलं नाही. छपराशिवायचं घर बांधून त्याला आकाशदर्शन म्हणून विकत होते.

टेबलावर मात्र प्रत्येकाला ऐकू येत होतं, काय नाही ते. प्रत्येक ओळीनंतर एक भोक पडायचं आणि त्या भोकात अख्खं टेबल तोल जाऊन पडायला यायचं. अनझोरचा गुडघा उडायला लागला. एका आजीबाईंनी पदरासारखा रुमाल तोंडाशी धरला. इरोदीकाकांनी तोंड उघडलं, आणि उघडलेल्या तोंडाचं काय करावं ते न कळून मक्याच्या भाकरीचा मोठा तुकडा आत कोंबला. चावला नाही. गाणं संपेपर्यंत तो तसाच गालात धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, बसून राहिले. ते पाणी कॅमेरेवाल्याने अगदी जवळून टिपलं.

दुसऱ्या कडव्यानंतर तर अशी जागा होती, की तिथे वरचा आवाज आपोआप लागतो. गोचाच्या गळ्यात तो आला. जिभेच्या मुळाशी येऊन उभा राहिला. ताराश समोर होता. कंपनीने त्याला गाणं चालू असताना दूर डोंगराकडे बघायला सांगितलं होतं, पण त्या जागेला तो डोंगर सोडून गोचाकडे बघायला लागला. नुसता बघत राहिला, दार वाजवून उभ्या राहिलेल्या माणसासारखा.

गोचाने दारूचा घोट घेतला आणि आवाज तिच्याबरोबर खाली ढकलला.

गाणं संपलं. वाटाणे थांबले, कंपनीचा वारा थांबला. आमच्याकडे मेलेल्या माणसालासुद्धा तीन आवाज मिळतात. तिरडीभोवती उभं राहून गातात लोक. त्या रविवारी इरोदीकाकांच्या अंगणात ताराशच्या गाण्याला तेवढंही मिळालं नाही.

इरोदीकाकांनी भाकरी गिळली. तमादा होते, काहीतरी बोलणं भाग होतं. म्हणाले, "आवाज चांगला आलाय." असं आम्ही फोटोबद्दल बोलतो. चांगला आलाय.

तेओनाबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. त्या कॅमेरेवाल्याला म्हणत होत्या, बघितलंस, कुणाला बोलवेना, दगड झाले सगळे. फोन पुढे करून त्यांनी जगातून आलेले निरोप वाचून दाखवले. 'केवढी ताकद!' 'बापाचे अश्रू बघा.' 'याला म्हणतात गाणं.' मक्याच्या भाकरीने ठसका लागायच्या बेतातला म्हातारा सगळ्या देशाने पाहिला आणि सगळा देश गहिवरला. तिथल्या तिथे बाईंनी ठरवलं, की आता बातुमीला समुद्रकाठी मोठा कार्यक्रम करायचा आणि तिथेही हीच अट ठेवायची. श्रोत्यांनी पूर्ण शांत राहायचं. हीच ताराशची ओळख. दोन आवाज चोरीला गेलेल्या गाण्याची त्यांनी पाहता पाहता शैली करून टाकली.

गोचाला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याने राजमा वाढून घेतला. आळणी लागला. अनझोर शेजारून न बघता म्हणाला, "झालं समाधान?" आणि टोपल्या उचलायला निघून गेला.

ताराश टेबलावर नव्हता.

गोचाला तो घरामागे सापडला, जिथे दारूचे रांजण जमिनीत पुरलेले असतात. एक रांजण नव्या रसासाठी धुऊन उघडा ठेवला होता. त्याच्या तोंडाशी तो मांडी घालून बसला होता, तो भारी कोट मातीत लोळत होता. लहानपणी या रांजणांत उतरून दोघं ते घासायचे. आत उभं राहून ताराश खालचा सूर लावायचा आणि वरून डोकावणारा गोचा आरवायचा. ताराशचा आवाज खर्जात गेला तो तिथेच, असं इरोदीकाका सांगत.

गोचा पलीकडे बसला. मग ताराशने रांजणात वाकून आपल्या गाण्याची पहिली ओळ हळूच सोडली. रांजण घुमला. खालून तोच सूर, जरा वेगळा होऊन, दुप्पट होऊन वर आला.

"बघ," ताराश म्हणाला. "रांजणाने तरी उचललं."

गोचाने रांजणाच्या काठावरची माती बोटाने खरवडली.

"वाईट होतं का रे?" ताराशने विचारलं. "खरं सांग. ती बाई नाही सांगायची."

"वाईट नव्हतं. अर्धं होतं."

"मला माहीत होतं अर्धं आहे ते. म्हणून तर इथे आणलं." तो कोटाची माती झटकायला लागला, मग सोडून दिलं. "त्यांनी चाल ऐकवली तेव्हाच मला कळलं, हा आपला खालचा आवाज आहे. म्हटलं, राहू दे. घरी नेऊ, गोचा वरचा लावेल, आणि सगळ्यांसमोर लावेल, मग काय करतील? पुसता थोडाच येतो." थोडं थांबून म्हणाला, "तुला न सांगता गेलो, ते चुकलंच. शिव्या द्यायच्यास. मी तयारी करून आलो होतो शिव्यांची. गप्प काय बसलास?"

अंगणातून बाईंचा आवाज आला. ताराशला अजून एकदा डोंगराकडे बघत चालायचं होतं, ऊन आहे तोवर. तो उठला. एवढा थोरला माणूस, पण उठताना त्याने गोचाच्या खांद्याचा आधार घेतला, नेहमी घ्यायचा तसा.

"बातुमीला येशील?"

"येईन."

"आत सोडताना सांगतील, तोंड बंद ठेवा."

"सांगू देत."

"गायलास तर बाहेर काढतील, बाबा. धिप्पाड माणसं ठेवतात दाराशी."

गोचाने त्या उघड्या रांजणात एकदा डोकावून पाहिलं, आणि मान वर न करता म्हणाला, "पहिल्या रांगेत बसेन. तू ओळ टाकलीस की मी वरचा लावणार, हा माझा शब्द. पहिल्या रांगेपासून दारापर्यंत मला उचलून नेतील ना, तेवढ्यात दोन कडवी होतात."